जिना आणि न्हाणी : आधी कागदावर, मग पैशांवर

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे चिखलोली आहे. लोकलच्या खिडकीतून पाहणाऱ्याला आज इमारतीच इमारती दिसतात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची जी योजना 2019 साली मंजूर झाली, तिच्यात इथे नवे स्थानकही धरलेले आहे. पण इमारतींच्या मागे जुन्या गावठाणाची घरे असतात, भाताची खाचरे पूर्वीपेक्षा कमी असली तरी असतात, आणि त्या घरांतून राहणाऱ्या कुटुंबांची अडचण साऱ्या अंबरनाथ तालुक्यात सारखीच असते. मुलगा कारखान्यात किंवा मुंबईला नोकरीला लागला, सून घरात आली, नातवंडे झाली. खाली जागा पुरेना म्हणून माळ्याचे माडीत रूपांतर करायचे आहे. माडी म्हणजे जिना आला. आणि घरात दोन कुटुंबे म्हणजे मागच्या दारची उघडी न्हाणी पुरत नाही. पैसे मात्र दोन्हींना मिळून एकदाच निघणार.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होते? गवंडी येतो, अंगणात उभा राहतो आणि म्हणतो, “काका, काळजी करू नका, जिना बसतो इथे.” जिना बसतोही. कुठे बसतो, किती उभा बसतो आणि त्याच्यापायी न्हाणीचे पाणी कोणत्या बाजूने काढावे लागते, हे पुढल्या पावसात कळते. म्हणून या लेखातला मुख्य मुद्दा आरंभीच सांगतो. जिना आणि न्हाणी ही दोन कामे एकाच कागदावर, एकाच वेळी आखावीत. बांधायची मात्र एका मागून एक, आणि आधी न्हाणी.

आधी न्हाणी का? माळ्यावर चढायला आणखी एक वर्ष शिडी चालेल. पण रात्री-अपरात्री बाईमाणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला घराबाहेर, पावसात, कंदील किंवा बॅटरी घेऊन जावे लागते, ते एक वर्षही का चालवून घ्यावे? घरातली वडीलधारी माणसे पडतात ती बहुधा दोन ठिकाणी, न्हाणीच्या ओल्या दगडावर आणि जिन्यावर. खुब्याचे हाड मोडले की दवाखान्याचा खर्च न्हाणीच्या खर्चाला भारी पडतो. ज्याला ही दोन्ही कामे चैनीची वाटत असतील त्याने हा हिशोब मांडून पाहावा.

आता कागद. शाळेच्या वहीचा चौकोनी रेघांचा कागद घ्यावा, एक चौकोन म्हणजे एक फूट धरावा आणि घराचे जोते, भिंती, दारे, खिडक्या, विहीर, शेजाऱ्याची हद्द आणि पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते हे सारे त्यावर काढावे. हे काम घरातला नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी उत्तम करते. पाणी वाहण्याची दिशा विसरू नये. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदीने काय केले ते बदलापूरकरांना सांगायला नको. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. अशा मुलखात न्हाणीचा खड्डा सखल कोपऱ्यात खणला, तर बाहेरचे पाणी आत येते आणि आतली घाण बाहेर. आणि पूर आलाच तर कणगीतले भात, कागदपत्रे आणि लेकरे वर नेण्याचा रस्ता तोच आपला जिना असतो.

जिन्याचे गणित सोपे आहे, पण ते जमिनीवर नव्हे, कागदावर करायचे असते. एका पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाय ठेवायच्या रुंदीची एकपट, यांची बेरीज चोवीस-पंचवीस इंच आली की जिना सुखाचा होतो. म्हणजे सात इंच उंची आणि दहा इंच रुंदी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर सांगितली आहे. आपले माप तेच झाले.

धरून चाला की खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे 120 इंच उंची आहे. सातने भागले तर सतरा चढ येतात, प्रत्येक सात इंचांहून किंचित जास्त. चढ सतरा असले तर पाय ठेवायच्या पायऱ्या सोळा, कारण सतराव्या चढाला आपण माडीवरच असतो. सोळा गुणिले दहा म्हणजे 160 इंच, तेरा फूट चार इंच. सरळ जिना करायचा तर एवढी लांब जागा हवी. पडवीत ती मिळते, माजघरात मिळत नाही. मधे वळणारा जिना केला, पहिले नऊ चढ मधल्या चौकापर्यंत आणि उरलेले आठ वर, तर आठ पायऱ्यांचे ऐंशी इंच आणि चौकाचे तीन फूट मिळून लांबी नऊ फूट आठ इंच होते. पण रुंदी दुप्पट, सहा फूट आणि वर चार-सहा इंच लागते. या दोहोंपैकी आपल्या घरात काय बसते ते चौकोनी कागदावर पाच मिनिटांत कळते.

जागा कमी पडली की गवंडी पायऱ्या कमी करतो. सतराच्या जागी तेरा चढ केले तर प्रत्येक चढ सव्वानऊ इंचांचा होतो. अशा जिन्याने पाठीवर भाताचे पोते घेऊन एकदा चढून पाहावे, म्हणजे पुढे बोलायला नको. उतरताना तर तो जिना नव्हे, शिडीच. खरोखर जागाच नसेल तर अर्धवट उभा सिमेंटचा जिना कायमचा बांधून ठेवण्यापेक्षा चांगली लाकडी शिडी दोन्ही बाजूंना धरायला दांडी लावून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिडीवर माणूस सांभाळून चढतो. फसव्या जिन्यावर बेफिकीर चढतो आणि पडतो.

आता एक बारीक गोष्ट, पण पडण्याचे मोठे कारण. सगळे चढ अगदी सारखे हवेत. पाय पहिल्या दोन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे डोळे न लावता चालतो. मधेच एखादी पायरी पाऊण इंचाने वेगळी असली की ठेच लागते. ही चूक बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला होते, आणि ती अशी होते : सेंट्रिंग लावताना मिस्त्री कच्च्या कोब्यापासून कच्च्या स्लॅबपर्यंत माप घेतो. पुढे पैसे आले की खाली आणि वर फरशी बसते. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दीड-दोन इंच. खाली बसली की पहिली पायरी तेवढी बुटकी होते, वर बसली की शेवटची पायरी तेवढी उंच होते. म्हणून फरशी दोन वर्षांनी बसवायची असली तरी तिची जाडी आजच मापात धरावी. भिंतीवर खडूने दोन्ही पक्क्या फरशांच्या रेघा ओढाव्यात, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून त्या पातळीत आहेत की नाहीत ते मालकाने स्वतः पाहावे. हे पाहायला इंजिनियर लागत नाही.

इंजिनियर लागतो तो दुसऱ्या कामाला. जुन्या घराच्या भिंती माती-दगडाच्या असतात आणि त्यांवर तुळया टेकलेल्या असतात. जिन्यासाठी तुळई कापणे, भिंत फोडून दार काढणे, जुन्या भिंतीवर स्लॅब टाकणे ही कामे नुसत्या अनुभवावर सोडू नयेत. सळई किती जाडीची, स्लॅब किती इंचांचा, टेके किती दिवसांनी काढायचे, हे जाणकाराकडून कागदावर लिहून घ्यावे. त्याची फी वाचवणे ही बचत नव्हे.

जिना सिमेंटचा, लोखंडी की लाकडी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सिमेंटचा जिना टिकतो, पण सेंट्रिंगचा खर्च आणि वजन त्याला आहे. लोखंडी जिना फॅब्रिकेशनवाला दोन-तीन दिवसांत बसवतो, जागा कमी लागते आणि पुढे घर मोडले तर उचलून नेता येतो. मात्र कोकणच्या हवेत तो गंजतो, दर दोन पावसांनी घासून रंग द्यावा लागतो. त्याची तबके जाळीदार खडबडीत पत्र्याची घ्यावी, गुळगुळीत पत्र्याची नव्हेत. लाकूड नवे घेणे आता ऐपतीबाहेरचे आहे. पण जुन्या घरातून निघालेल्या सागाच्या फळ्या आणि खांब भंगारवाल्याला देण्याआधी सुताराला दाखवावेत. त्यांतून जिन्याचा कठडा तरी निघतोच. रुंदी निदान तीन फूट ठेवावी, डोक्यावर सात फूट मोकळे असावे, कठडा तीन फूट उंच असावा आणि त्याच्या दांड्यांमधून लहान मुलाचे डोके जाणार नाही इतक्या त्या जवळ असाव्यात. खाली आणि वर दोन्हीकडून चालू-बंद होणारा दिवा बसवावा. त्याला फार खर्च येत नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्या शेजारचेच. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तिथे आहे. त्याच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. तिथे जाणारा प्रत्येक जण नकळत भिंतीचा आधार घेतो. घरातल्या जिन्यालाही भिंतीच्या बाजूने एक दांडी लावावी. कठडा एका बाजूला असला तरी म्हाताऱ्या माणसाला दुसरा हात टेकायला काहीतरी लागतेच.

जिन्याखाली संडास काढू, म्हणजे जागा वाचेल, असे पुष्कळांना वाटते. वर सांगितलेल्या वळणाच्या जिन्याचा मधला चौक जमिनीपासून सव्वापाच फुटांवर येतो. त्यातून स्लॅबची जाडी वजा केली की खाली उभे राहता येत नाही. मग उंची मिळवण्यासाठी आतली जमीन खोल करतात. पावसाळ्यात त्या खोलगटात बाहेरचे पाणी उतरते आणि संडास निकामी होतो. चौकाखाली सरपण, अवजारे, खताच्या गोण्या ठेवाव्यात. सरळ जिना असेल तर वरच्या टोकाच्या शेवटच्या चार पायऱ्यांखाली साडेसहा फुटांची उंची मिळते आणि लांबी सव्वातीन फुटांच्या घरात. तिथे लहान संडास बसू शकतो, तोही त्याची एक भिंत बाहेरच्या बाजूला असेल तरच. खिडकी नसलेला संडास घरात नको.

आता न्हाणी. हा आपला मराठी शब्द बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसला आहे. जमिनीतले पाणी जाऊ देणारे आणि वास अडवणारे जे भांडे प्लंबर बसवतो त्याला सारा देश नहाणी ट्रॅप म्हणतो. त्यात दोन इंच पाणी कायम साठून राहते, तेच वास, झुरळे आणि डास अडवते. दहा फुटी सरळ पाइप भिंतीतून बाहेर काढून काम भागवले की हे सारे घरात येते. ट्रॅपवर पैसे वाचवू नयेत.

न्हाणी कुठे काढावी? स्वयंपाकघराच्या मोरीला पाठ लावून. एका भिंतीच्या दोन्ही अंगांना पाणी असले की नळाची पाइप एक, सांडपाण्याची पाइप एक, ओल धरणारी भिंतही एकच. पुढे माडीवर न्हाणी करायची असेल तर तीही याच जागेवर वर आणावी, आणि स्लॅब टाकतानाच पाइपपुरती भोके ठेवून घ्यावीत. नंतर स्लॅब फोडून भोक पाडणे म्हणजे आपल्या हाताने गळती बोलावणे.

चार फूट बाय सहा फूट न्हाणी कुटुंबाला पुरते, संडास वेगळा तीन बाय चार. दोन कुटुंबांच्या घरात दोन्ही वेगवेगळे असलेले बरे, सकाळी शाळा आणि लोकल यांची घाई असते. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घसरून दाराला आडवे पडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उचलता येईल अशी असावी.

फरशीला उतार दर फुटाला पाव इंच, म्हणजे सहा फुटांत दीड इंच. फरशी गुळगुळीत चमकणारी नको. खडबडीत टाइल किंवा न घासलेली शहाबादी चालते, स्वस्तही पडते. भिंतीच्या टाइलबद्दल थोडा हिशोब सांगतो. चार बाय सहाच्या न्हाणीच्या भिंतींचा घेर वीस फूट, त्यातून दाराचे अडीच फूट गेले, राहिले साडेसतरा. चार फुटांपर्यंत टाइल लावल्या तर सत्तर चौरस फूट, सात फुटांपर्यंत लावल्या तर सव्वाशेच्या जवळ. पाटावर किंवा स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्या घरात चार फुटांवर पाणी उडत नाही. वरती चांगला गिलावा आणि रंग पुरे. वाचलेल्या पैशांतून भिंतीत दोन्ही टोके पक्की गाडलेली एक जस्ती पाइप लावावी, अडीच-तीन फुटांच्या उंचीवर. आजी-आजोबांना उठता-बसता तीच हात देते. टाइलच्या फुलांपेक्षा ती पाइप मोलाची.

माडीवरच्या न्हाणीत टाइल लावण्याआधी एक परीक्षा घ्यावी. जलरोधक कोबा झाला की तोंड बंद करून त्यात तीन-चार इंच पाणी साठवावे आणि निदान चोवीस तास, जमल्यास दोन दिवस ठेवावे. खालच्या छताला ओल दिसली तर मिस्त्रीकडून तेव्हाच दुरुस्त करून घेता येते. फरशी बसल्यावर आणि त्याचे पैसे चुकते झाल्यावर तो कशाला येतो?

पाणी तापवण्याच्या बाबतीत मात्र जिवाशी गाठ आहे. गॅसचा गीझर बंद न्हाणीच्या आत कधीही लावू नये. जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अंघोळ करणारे माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडते. गीझर बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत लावून फक्त गरम पाण्याची पाइप आत घ्यावी. सरपणाचा बंबही पडवीतच बरा. विजेचा गीझर असेल तर अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे यंत्र हवेच.

संडासाच्या खड्ड्याबाबत आपल्याकडे अजून बरेच गैरसमज आहेत. मोठी टाकी बांधली म्हणजे उत्तम, असे समजून लोक कर्ज काढतात आणि टाकीचे पाणी शेवटी ओढ्यात सोडतात. अंगण मोकळे असेल तर दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त आणि चांगला. पाच-सहा माणसांच्या घराला सुमारे मीटरभर व्यासाचे आणि मीटरभराहून थोडे खोल असे दोन खड्डे, त्यांत मीटरभर अंतर, आत जाळीदार विटांचे बांधकाम. एक खड्डा तीनेक वर्षे वापरायचा, मग दुसरा चालू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवला की आत मातीसारखे, वास नसलेले खत मिळते. तीव्र उताराचे भांडे घेतले तर दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते. खणाई घरच्या माणसांनी केली तर मजुरी वाचते.

यात अडचण येते ती आपल्या जमिनीची. पावसाळ्यात इथले भूजल अगदी वर येते, आणि मुरूम किंवा भेगांचा काळा पाषाण असेल तर पाणी गाळून न जाता भेगांतून पळते. म्हणून विहीर किंवा बोअरपासून खड्डा निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीची पातळी किती वर येते ते पाहावे. ती हाताला लागण्याइतकी वर येत असेल, तर खड्डे उथळ आणि भोवती भराव घालून जमिनीच्या वर उचललेले करावेत. जागाच नसेल किंवा भुयारी गटार जवळून जात असेल, तर नगरपालिकेत जाऊन जोडणीची चौकशी करावी.

या विषयात महाराष्ट्रात फार मोलाचे काम झालेले आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात खत देणाऱ्या साध्या संडासांचे प्रयोग केले. देहूला सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेलेले डॉ. सु. वि. मापुसकर तिथेच राहिले आणि घरोघर संडास झाल्याशिवाय गावाची दुखणी जाणार नाहीत हे त्यांनी लोकांना वर्षानुवर्षे पटवले. संडासाला गोबरगॅस जोडण्याचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. 2015 मध्ये ते वारले, 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2 ऑक्टोबर 2014 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत ग्रामीण भागातील पात्र कुटुंबांना संडासासाठी 12,000 रुपये देण्याची तरतूद झाली. आपल्याला कोणती योजना लागू पडते ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारावे, पण काम सुरू करण्याआधी. बांधून झालेल्या कामाला मदत मिळवणे कठीण जाते. माडी चढवायचीही परवानगी तिथेच घ्यावी लागते.

अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी या खड्ड्यांत सोडू नये, खड्डा लवकर भरतो. ते वेगळे काढून परसातल्या केळींना आणि अळूला द्यावे, उरलेले शोषखड्ड्यात. सासूबाईंच्या अळूच्या वाफ्याची जागा कागदावर आधीच दाखवली तर घरात वादही कमी होतात!

पैशांचे म्हणाल तर हाताशी असलेल्या रकमेचे दहा भाग करावेत आणि त्यांतले दोन वेगळे बांधून ठेवावेत. जुने घर उघडले की वाळवी लागलेली तुळई, खचलेले जोते असे काहीतरी निघतेच. उरलेल्या आठांत न जमणारे काम या वर्षी घेऊ नये. माल आपण आणावा, मजुरी कामावर ठरवावी, आणि काय काय करायचे ते दोन प्रतींत लिहून दोघांनी सही करावी. पैसे टप्प्याने द्यावेत : पाया, भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी. उचल द्यावी लागते, पण झालेल्या कामापेक्षा जास्त कधी देऊ नये. शेवटचा हप्ता न्हाणीत पाणी ओतून ते सारे ट्रॅपकडे जाते हे पाहिल्यावर द्यावा.

मुहूर्त शेतीच्या कामावरून धरावा. दिवाळीनंतर भात झोडून घरात आले की आखणी आणि खणाई, माघात बांधकाम. एप्रिल-मेमध्ये पाणी आटते आणि लग्नसराईत गवंडीही मिळत नाही, म्हणून सिमेंटचे काम त्याआधी उरकावे. नव्या स्लॅबला आणि गिलाव्याला सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते. ते काम गड्यावर न टाकता घरातल्या एकाच्या नावावर करून द्यावे. पैसे संपले आणि जिना राहिला, तरी न्हाणीच्या भिंतीलगत त्याची जागा मोकळी ठेवावी, वरच्या स्लॅबमध्ये त्याच्यासाठी सळया बाहेर काढून त्यांना सिमेंटचे पाणी लावून ठेवावे, आणि तो चौकोनी कागद घराच्या खरेदीखताबरोबर पेटीत ठेवून द्यावा.